घराचा अजमास

पुण्याचा शनिवारवाडा किती रुपयांत उभा राहिला, या प्रश्नाचें उत्तर इतिहासाची थोडीशी आवड असलेल्या पुष्कळ घरांतून तोंडपाठ असतें : सोळा हजार एकशें दहा रुपये. १० जानेवारी १७३० रोजीं पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांत झाली, आणि दोन वर्षांत पहिल्या बाजीरावांचें राहतें घर तयार झालें. हा आंकडा ऐकून आजचा गृहस्थ सुस्कारा टाकतो. तेवढ्या रकमेंत त्याच्या स्नानगृहाची फरशीही धड बदलून होत नाहीं.

परंतु हा सुस्कारा थोडा घाईचा आहे. रुपयाचें मोल बदललें, ही गोष्ट तर उघडच आहे. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, आज ज्या तटापुढें माणूस मान वर करून उभा राहतो, तो तटबंद वाडा या सोळा हजारांत झालेला नव्हे. तो आंकडा पहिल्या बांधणीचा. तटबुरुजांचें काम पुढें नानासाहेबांच्या कारकीर्दींत पुरें झालें. गणपतीचा रंगमहाल त्यांच्याच काळचा. हजारी कारंजें सवाई माधवरावांच्या बालपणीं उडूं लागलें. प्रत्येक पिढीनें कांहीं पाडलें, कांहीं वाढविलें. या सर्व भरीचा एकत्रित आंकडा मात्र कोणी पाठ केलेला नाहीं. पाया घालतांनाचा खर्च लोकांच्या लक्षांत राहतो. मागाहून घातलेली माडी, बदललेला चौक, फिरून केलेला गिलावा यांचे पैसे वर्षावर्षांच्या खर्चांत विरून जातात. हें पेशव्यांचें झालें तसेंच सदाशिव पेठेंतील कारकुनाचेंही होतें. शेवटीं १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत त्या वाड्याचें सारें लांकूडकाम जळालें, आणि दगडविटांचे तट तेवढे उरले.

पहिल्या बांधणीचें सामान कोठून आलें, हें पाहण्यासारखें आहे. साग जुन्नरकडील रानांतला, चुना जेजुरीकडचा आणि दगड चिंचवडच्या खाणींचा, असें सांगतात. खाणींत दगड स्वस्तच असतो. महाग असते ती त्याची वाट. बैल, गाडे, घाट आणि पावसाळ्यांत बंद पडणारे रस्ते हे अजमासांत न धरणारा मनुष्य तेव्हांही फसत असे. पाऊणशें वर्षांनीं दुसऱ्या बाजीरावांनीं विश्रामबागवाडा बांधला, त्यास दोन लाख रुपये लागल्याचें नमूद आहे. म्हणजे आजोबांच्या—पहिल्या बाजीरावांच्या—घराच्या बारापट. दोन्ही आंकडे शेजारीं मांडून महागाई मोजणें बरोबर होणार नाहीं, कारण दोन्ही घरें सारखीं नव्हतीं व दोन्ही मालकांच्या गरजाही सारख्या नव्हत्या.

चिंचवडच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर मुळशी तालुक्यांतील नेरे हें गांव आहे. मावळपट्ट्यांतील अशा गांवीं घर बांधण्याचा हिशेब निराळा असे. दगडमातीचें जोतें, मातीच्या किंवा कुडाच्या भिंती, वर आढें, वासे, आणि त्यांवर गवत अथवा कुंभाराचीं नळीचीं कौलें. गांवच्या सुतारास बलुतें मिळे तें मुख्यतः नांगर, कुळव, गाडी यांच्या दुरुस्तीबद्दल. नव्या घराच्या कामाची मजुरी त्यास वेगळी, धान्यांत वा रोकड, आणि वर जेवण असें द्यावें लागे. पण आढें चढवावयाच्या दिवशीं शेजारी येत, आणि भातलावणीच्या सावडीप्रमाणें ती मदत पुढें परत करावयाची असे. ज्येष्ठ लागण्यापूर्वीं शाकारणी, सणापूर्वीं सारवण, हीं तर वर्षाचीं ठरलेलीं कामें. म्हणून घराला खर्च किती आला असें विचारल्यास घरधन्याला एक आंकडा सांगतां येत नसे. घरांत रोकड थोडी गेलेली असे, पण दिवस आणि दाणे पुष्कळ गेलेले असत.

हा हिशेब हळूहळू रोकडीचा झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांत कुऱ्हाड घालण्यास परवानगी लागूं लागली. मंगळूरास १८६५ मध्यें सुरू झालेल्या कारखान्याचीं चपटीं कौलें घाटमाथ्यापर्यंत पोंचलीं. तीं टिकाऊ खरीं, परंतु कुंभाराच्या कौलांसारखीं धान्यावर मिळणारीं नव्हतीं.

याच तालुक्याच्या पश्चिम भागांत हा प्रश्न एकदां फार निकराला आला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलांत मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, व त्याचें नेतृत्व पुढें सेनापति बापट यांच्याकडे आलें. नेरे पूर्वेकडे असल्यानें त्या पाण्यापासून दूर राहिलें; मुळा खोऱ्यांतील पुष्कळ गांवें बुडालीं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें मोबदला ठरे तो बाजारभावानें, वर शेंकडा पंधरा रुपये जादा. कागदावर ही रीत उदार दिसते. पण गवताच्या छपराच्या जुन्या घराला बाजारभाव असा कितीसा असणार? त्यांत सावडीचे दिवस मोजले जात नसत, रानांतून आणलेले वासे त्यांच्या जुनेपणाच्या किंमतीनें मोजले जात. रक्कम ठरे ती जुन्या घराची. बांधावयाचें असे तें नवें, परक्या गांवीं, जेथें सावडीला शेजारी नाहींत.

आज नेरे हें हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारचें गांव झालें आहे, आणि घर म्हटलें कीं सिमेंट, सळई, वाळू व स्लॅब यांचाच विचार होतो. गांवठाणांतील जुन्या घराची नोंद सातबाऱ्यावर नसते, ग्रामपंचायतीच्या दप्तरांत असते. त्यामुळें तें तारण ठेवून कर्ज काढणें अवघड जाई. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत अशा घरांची ड्रोननें मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचें काम हातीं घेतलें गेलें. बँक कर्ज देते तें मात्र अंदाजपत्रक पाहून, आणि सहसा टप्प्यांनीं : जोतें झालें, स्लॅब पडला, गिलावा लागला. अंदाजपत्रकांत शाकारणीची बाब आतां नसते. कांहीं वर्षांनीं तिच्या जागीं गच्चीची गळती येते, आणि मग ज्येष्ठ लागण्यापूर्वीं गवंड्याची शोधाशोध सुरू होते.