भटकळ, सत्यजित
मराठी दिग्दर्शक व दूरचित्रवाणी निर्माता. ‘पॉप्युलर प्रकाशन’चे रामदास भटकळ यांचे पुत्र. शिक्षणाने वकील. ‘लगान’ चित्रपटाच्या निर्मितीत काम करताना कच्छमधील चित्रीकरणाचे दिवस त्यांनी जवळून पाहिले आणि त्यावर ‘द स्पिरिट ऑफ लगान’ हे पुस्तक व ‘चले चलो’ हा माहितीपट केला. ‘झोकोमोन’ (२०११) हा बालचित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला. त्यांनी दिग्दर्शित केलेली ‘सत्यमेव जयते’ ही दूरचित्रवाणी मालिका ६ मे २०१२ रोजी सुरू झाली. पहिलाच भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता.

२०१६ मध्ये आमिर खान व किरण राव यांनी स्थापन केलेल्या पानी फाउंडेशनची धुरा त्यांच्याकडे आली. संस्थेची पहिली ‘वॉटर कप’ ही गावांमधील जलसंधारणाची स्पर्धा वरुड, कोरेगाव व अंबाजोगाई या तीन तालुक्यांत झाली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील गावेही तीत उतरली. आधी गावकऱ्यांना पाणलोटाचे प्रशिक्षण, मग भर उन्हाळ्यात समतल चर, दगडी बांध, शेततळी यांसाठी श्रमदान, असा तिचा क्रम असे. ‘तुफान आलंया’ या कार्यक्रमाने ही चुरस मराठी वाहिन्यांवर आणली. वास्तवदर्शी स्पर्धा-कार्यक्रमांत सहसा एकेक स्पर्धक बाद होतो; इथे अख्खे गाव स्पर्धक होते, आणि हरलेल्या गावाच्या शिवारातही खोदलेले चर शिल्लक राहत. भटकळांच्या कारकिर्दीतील हे सर्वांत मोलाचे काम मानावे लागेल. शेतकरी आत्महत्यांमुळेच बातम्यांत येणाऱ्या यवतमाळसारख्या जिल्ह्यातील शेतकरी त्यातून कर्ता म्हणून पडद्यावर आला. २०२२ पासून संस्थेने गटशेतीसाठी फार्मर कप सुरू केला.