मुळशीचे पाणी आणि गिरणीचा दिवा

‘मानवाने निसर्ग बदलण्याचा प्रयत्न करावा काय?’ असा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी मला दिला, तेव्हा त्यातल्या ‘मानव’ या शब्दापाशीच मी अडखळलो. आठवीतून शाळा सोडून कारखान्यात शिरलेला मी माणूस. जे काही वाचन झाले ते रात्रपाळीच्या सवडीत आणि युनियनच्या कचेरीत. परंतु तीस वर्षे करारांच्या वाटाघाटी केल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कागदावर ‘उभय पक्ष’ असे दिसले, की ते पक्ष कोण आणि सह्या कुणाच्या, हे मी आधी पाहतो. तेव्हा निसर्ग बदलणारा हा मानव कोण? त्यात कुणाला धरले आहे आणि कुणाला वगळले आहे?

बदल करावा की न करावा, हे विचारायला आपल्याला फार उशीर झाला आहे. मावळातल्या शेतकऱ्याने डोंगराच्या कुशीत बांध घालून भाताची खाचरे केली, तोही निसर्गातला बदलच होता. मात्र तेथे बांध घालणारा आणि भात खाणारा बहुधा एकाच घरातला असे. ही दोन माणसे वेगळी झाली, तेथून माझा विषय सुरू होतो.

मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येईपर्यंत कामाचा दिवस सूर्याच्या हाती होता. उजाडले की काम सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात तो दिवस तेरा तासांवर जाई, म्हणजे सुखाचा मुळीच नव्हता. पण त्याला शेवट होता, आणि तो शेवट मालकाला पुढे ढकलता येत नव्हता. दिवे लागले आणि १९०५ साली काही गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. कामगार खवळले, दंगे झाले. मग चौकशीसाठी समिती बसली, पाठोपाठ आयोग आला, आणि १९११ च्या फॅक्टरी अॅक्टाने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणून ठेवला. १९२२ साली तो अकरावर आला, १९३४ साली दहावर, १९४८ साली नऊवर. वाचायला चार आकडे आहेत. मिळवायला त्रेचाळीस वर्षे लागली. निसर्गाने घातलेली मर्यादा यंत्राने मोडली, तेव्हा तिच्या जागी माणसांना नवी मर्यादा घालावी लागली, आणि ती आपोआप पडली नाही.

आता ही वीज कोठून आली ते पाहू. आरंभी सारा कारभार कोळशावर होता, आणि बंगालचा कोळसा मुंबईत येईपर्यंत महाग पडे. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पश्चिमेला कडा सरळ कोकणात उतरतो. पाणी माथ्यावर अडवावे, नळांतून खाली सोडावे आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या काळातली. १९१० साली जलविद्युत कंपनी निघाली आणि १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरून गिरण्या चालवू लागले. धूर कमी झाला, कोळशाचा खर्च वाचला. या कल्पनेला मी नावे ठेवणार नाही.

पुढची पाळी मुळशी पेट्याची आली. मुळा नदी पूर्वेला वाहते; तिचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जाते. ते मुळशीला अडवून पश्चिमेला बोगद्यातून न्यायचे आणि सुमारे पाचशे मीटर खाली, भिरा येथे सोडायचे, अशी योजना होती. म्हणजे नदीचे तोंडच फिरवायचे. या योजनेत सुमारे पन्नास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे पाण्याखालच्या क्षेत्रात येत होती. जमीन आंबेमोहोराची. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार ती ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी घेऊन एका खाजगी कंपनीला देणार होते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे बायकामुलांसह कामाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना फेरविचार करण्याची विनंती केली. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ हे नाव त्यांना याच लढ्याने दिले. हा मनुष्य यंत्रद्वेष्टा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. तो एडिंबरोला इंजिनियरिंग शिकायला गेला होता. (तिकडून परतताना पॅरिसला आणखी एक विद्या शिकून आला, तिची गोष्ट आपण सर्व जाणता.) त्याचे भांडण विजेशी नव्हते. ज्याची जमीन जाते त्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता.

येथे पुण्यात उभा राहून एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. त्या खोऱ्यातल्या पुष्कळशा जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकाराच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम; नुकसानभरपाईचा आकडा पटला की त्याचा प्रश्न मिटला. कसणाऱ्या कुळाच्या दृष्टीने ती जमीन म्हणजे घर, गाव आणि पुढच्या वर्षीचे बियाणे. सावकारांनी भरपाई पत्करली आणि लढा आतून पोकळ झाला. उरलेल्यांनी तुरुंग भोगले. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची सजा झाली, आणि सत्याग्रह संपला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

ही वीज ज्या गिरण्यांत गेली, तेथे मावळातले, घाटावरचे आणि कोकणातले माझेच भाऊबंद साच्यांवर उभे होते. आयटकची स्थापना मुंबईत १९२० सालची, म्हणजे मुळशीच्या आधी अवघे एक वर्ष. आम्ही तेव्हा बाल्यावस्थेत होतो, ही सबब खरी आहे. पण ती सबबच आहे. कंपनीच्या जमाखर्चात डोंगर, पाऊस, नदी आणि हे अकरा हजार लोक एकाच रकान्यात पडले होते. बदलणारा मानव मुंबईत होता, आणि मुळशीतली माणसे बदलल्या जाणाऱ्या निसर्गात मोडत होती.

स्वराज्यात हे पालटले काय? काही अंशी. कोयनेला कंपनी नव्हती, सरकार आपले होते. तेथेही पाणी पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजघरात नेले, आणि त्या विजेने अर्धा महाराष्ट्र उजळला. पण तेथे दुसराच धडा मिळाला. दख्खनचे पठार तोवर भूकंपापासून जवळजवळ निर्भय मानले जात होते. जलाशय भरू लागल्यावर लहान लहान धक्के बसू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. बांधणाऱ्यांना त्याचे श्रेय दिले पाहिजे. जलाशयाच्या भाराने व मुरणाऱ्या पाण्याने खडकातला ताण मोकळा होऊ शकतो, हे जगाला शिकवणाऱ्या प्रमुख उदाहरणांत आज कोयनेचे नाव येते. म्हणजे तज्ज्ञांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टीची किंमत पायथ्याच्या झोपलेल्या माणसांनी दिली.

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. देशाने १८९४ चा कायदा बाजूला सारून नवा कायदा २०१३ साली केला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, असे त्यात आहे. बापटांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला ब्याण्णव वर्षे गेली. आणि त्या कायद्यातही पळवाटा आहेत, हे कोणताही युनियनवाला दोन वाचनांत सांगेल.

शेवटी माझे स्वतःचे सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका रासायनिक कारखान्यातले युनियनचे काम माझ्याकडे होते. तेथले सांडपाणी रात्री ओढ्यात सोडले जाई. व्हॉल्व्ह उघडणारा हात आमच्या सभासदाचा होता आणि मला ते माहीत होते. बोनसचा करार तोंडावर होता; बोललो असतो तर कारखाना बंद पडण्याची भीती होती, आणि तीनशे चुली विझल्या असत्या. शेजारच्या गावची एक म्हातारी कचेरीत आली. तिने विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “दादा, तुमी गरिबांचं भांडता म्हणं. हे पाणी पिऊन दाखवा.” मी तिला चहा पाजला. कराराची सही झाल्यावर बघू, असे सांगितले. सही झाली. बाटली पुढे दोन वर्षे कपाटात, पावतीपुस्तकांच्या मागे होती.