दिनविशेष, ७ ऑक्टोबर : टोनी मॉरिसन यांना नोबेल

१९९३ साली आजच्या दिवशी स्टॉकहोममध्ये स्वीडिश अकादमीने साहित्याचे नोबेल पारितोषिक अमेरिकी कादंबरीकार टोनी मॉरिसन यांना जाहीर केले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. तोवर त्यांच्या सहा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या.

त्यांतली ‘बिलव्हेड’ (१९८७) आजही वाचकाला सुन्न करते. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली. पकडणारे दाराशी आले तेव्हा, पुन्हा गुलामी वाट्याला येऊ नये म्हणून, तिने आपल्या चिमुकल्या लेकीला स्वतःच्या हातांनी मारले. या घटनेवरून मॉरिसन यांनी गुलामी संपल्यावरही एका आईच्या घरात ठाण मांडून बसलेला भूतकाळ लिहिला. सरकारी दप्तरांत ज्यांची नोंद मालमत्ता म्हणून झाली, त्यांचे अंतर्मन कादंबरी उभे करू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. आणि याहून मोलाचे असे की, कृष्णवर्णीयांचे जगणे गोऱ्या वाचकाला समजावून सांगण्याचा सूर त्यांनी कधीच लावला नाही. पुढच्या पिढीच्या लेखकांना त्यामुळे मोठेच बळ मिळाले. रँडम हाउसमध्ये संपादक असताना त्यांनी अँजेला डेव्हिस आणि मुहम्मद अली यांची आत्मचरित्रेही वाचकांपर्यंत पोहोचवली.

२०१९ मध्ये मॉरिसन यांचे निधन झाले. ‘द ब्लूएस्ट आय’ ही त्यांची १९७० मधील पहिली कादंबरी शाळांच्या ग्रंथालयांतून हटवावी, अशी मागणी अमेरिकेत त्यानंतरही वारंवार झाली आहे.