ओत्झीचा भाता : बाणनिर्मितीचा एक पुरावा

धनुर्विद्येचा प्रागैतिहास बव्हंशी पाषाणाच्या बाणाग्रांवरून रचला गेला आहे. कारण काष्ठ व पिसे कालौघात नष्ट होतात. ओत्झताल आल्प्समधील हिमात १९ सप्टेंबर १९९१ रोजी सापडलेल्या पुरुषाच्या भात्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. त्याचा काळ इ. स. पू. ३३५० ते ३१२० च्या दरम्यानचा मानला जातो.

भात्यात १४ बाणदांड्या होत्या. त्या व्हायबर्नम झुडपाच्या सरळ फोकांच्या असून त्यांपैकी दोनच बाण सिद्ध झालेले होते. त्यांना प्रत्येकी तीन पिसे बर्च वृक्षाच्या डांबराने चिकटवून वर बारीक धाग्याने आवळली होती. चकमकीच्या दगडाची अग्रे बसविण्यासही तेच डांबर वापरले होते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र उरलेल्या १२ अपुऱ्या दांड्यांचेच मोल अधिक. साल काढलेल्या व टोकाशी खाच पाडलेल्या या दांड्यांवरून कामाचा क्रम उलगडतो : प्रथम फोक सिद्ध करावयाचा, अग्र व पिसे ही मागाहून. त्याचे यू लाकडाचे धनुष्यही अपुरेच होते.

या पुरुषाच्या डाव्या खांद्यात रुतलेले बाणाग्र २००१ मध्ये क्ष-किरणांनी उघड झाले. त्या बाणाची दांडी मिळालेली नाही. ज्याच्यामुळे दांड्यांचा इतिहास कळला, त्याच्या मृत्यूची साक्ष मात्र पुन्हा पाषाणच देतो.