नांव आणि नाव

मराठींत मनुष्याचें 'नांव' आणि पाण्यावरची 'नाव' या दोन शब्दांत पूर्वीं एका टिंबाचें अंतर होतें. पहिल्यावर अनुस्वार देत, दुसऱ्यावर देत नसत. आणि शाळेंत शुद्धलेखन तपासतांना मास्तरांची बरीच तांबडी शाई या टिंबापायीं खर्च होई. पुढें १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळानें शुद्धलेखनाचे नियम केले, उच्चारांत नसलेले अनुस्वार गळाले, आणि कागदावर दोन्ही शब्द एकरूप झाले. ध्वनिक्षेपकापुढें बोलतांना तर तें टिंब दाखविण्याची सोयच नाहीं. आजचा आपला विषयही याच दोन शब्दांच्या सांध्यावरचा आहे. नावेचें नांव बदलावें कीं बदलूं नये?

जगांतील बहुतेक दर्यावर्दी लोकांचें उत्तर असें कीं, बदलूं नये. बदलल्यास अरिष्ट येतें. खलाशी म्हणजे मोठा भाविक प्राणी. युरोपांतील खलाशी शुक्रवारीं नांगर उचलण्यास कचरत, डेकवर कोणी शीळ घातली तर वादळ येईल म्हणून त्याला दटावीत, आणि डोलकाठीच्या बुडाशीं एखादें नाणें ठेवण्याची चाल तर रोमन लोकांच्या काळापासूनची आहे. नांव बदलण्याच्या भीतीला ते एक दाखला नेहमीं देतात. १८६१ सालीं कॅनडांत नोव्हा स्कोशिया प्रांतीं 'ॲमेझॉन' नांवाचें एक शिडाचें जहाज पाण्यांत गेलें. पुढें तें अमेरिकन मालकांच्या हातीं आलें आणि त्याचें नांव 'मेरी सिलेस्ट' असें ठेवण्यांत आलें. १८७२ च्या डिसेंबरांत तें अटलांटिक महासागरांत शिडें उभारलेलें, पण निर्मनुष्य असें आढळलें. कप्तान, त्याची बायको, लहान मुलगी, खलाशी, कोणाचाच पुढें ठावठिकाणा लागला नाहीं. नांव बदललें म्हणून असें झालें, असें खलाशी म्हणाले. परंतु हेच लोक ड्रेकचें उदाहरण सोयीस्करपणें विसरतात. त्यानें १५७८ सालीं भर सफरींत आपल्या 'पेलिकन' जहाजाचें नांव 'गोल्डन हाइंड' असें केलें आणि १५८० सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तो सुखरूप घरीं परतला. कॅप्टन कुकचें 'एंडेव्हर' तर मुळांत कोळसा वाहणारें 'अर्ल ऑफ पेंब्रोक' होतें.

आम्हां नाशिककरांना नांव बदलण्याचें भय वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या क्षेत्राला पद्मपूर, त्रिकंटक, जनस्थान अशीं युगायुगांचीं नांवें पुराणिक सांगतात. मोगलांनीं त्याचें गुलशनाबाद केलें, पेशव्यांच्या अमलांत तें पुनः नाशिक झालें. आणि या सर्व काळांत गोदावरी वाहावयाची कांहीं थांबली नाहीं. परंतु गांव जमिनीवर असतो. पायाखालीं चार बोटांची फळी आणि तिच्याखालीं अथांग पाणी, अशा स्थितींत मनुष्याचें मन निराळें होतें, हें घाटावर बसून बोलणाऱ्यानें विसरूं नये.

समुद्र नाशिकपासून दूर असला तरी नावेचा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा लेख आहे. त्यांत त्यानें इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट पैलतीरास जाण्याची सोय केल्याचें नमूद आहे. पार आणि दमणगंगा या नद्या तर आमच्याच जिल्ह्यांतील डोंगरांत उगम पावतात. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या लेखांत नद्यांचीं नांवें आहेत, दात्याचें नांव आहे. नावांचीं नांवें मात्र नाहींत. पुण्य नांवाचें नव्हे, वाटसरूला पार नेण्याचें होतें.

समुद्राविषयीं आपल्या पूर्वजांच्या समजुती आणखी निराळ्या होत्या. धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथांत नौकांचे प्रकार सांगितले आहेत, त्यांस लागणाऱ्या लांकडांचेसुद्धां चार वर्ण सांगितले आहेत, आणि समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक त्या ओढून घेईल, असा इशारा दिलेला आहे. आज याचें हसूं येतें. परंतु अरबी समुद्रांत काथ्याच्या दोरीनें फळ्या शिवून गलबतें बांधण्याची पद्धत फार जुनी. असें गलबत वाळूवर आपटलें तरी लवतें, चटकन् फुटत नाहीं. कारागिराच्या अनुभवांत कांहीं तथ्य होतें. तें विसरलें गेल्यावर त्याच्या जागीं चुंबकाची गोष्ट बसली असावी. भ्रामक समजुतीच्या पोटांत पुष्कळदां असा एखादा विसरलेला व्यवहार निजलेला असतो. हें सूत्र आपण हातीं धरून ठेवूं. पुढें तें उपयोगी पडेल.

सिंधुबंदीची गोष्ट मात्र याहून कठीण होती. मनुस्मृतींत समुद्रयान करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीस अपात्र ठरविलें आहे. आमच्या नाशिकजवळ आनंदवल्लीस राहिलेल्या राघोबादादांनीं १७८१ च्या सुमारास हणमंतराव नांवाचा आपला ब्राह्मण वकील इंग्लंडांत पाठविला. तेथें एडमंड बर्कसारख्या थोर पुरुषानें त्याचा पाहुणचार केला. परंतु स्वदेशीं परतल्यावर त्याला सोन्याच्या योनींतून बाहेर काढून नवा जन्म दिल्यावांचून स्वजनांनीं पदरांत घेतलें नाहीं. इतरांना भीति जहाजाचें नांव बदलण्याची; आमच्याकडे समुद्र ओलांडणाऱ्या माणसालाच पुनर्जन्म घ्यावा लागे! ज्या मुलुखांत शिवछत्रपतींनीं आरमार उभारलें आणि १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच मुलुखांतील ही गोष्ट आहे.

आतां मुंबईच्या गोदीकडे वळूं. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार सुरतेहून मुंबईस आला आणि त्याच्या घराण्यानें दीडशें वर्षें येथें जहाजें बांधलीं. नव्या जहाजाच्या कण्यांत रुप्याचा खिळा ठोकण्याचा विधि हे लोक करीत. त्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं मलबारी सागाचें बांधलेलें 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. या जहाजाचे नकाशे विलायतेहून प्रथम ज्या 'जावा' जहाजानें निघाले, तें १८१२ सालीं अमेरिकनांनीं वाटेंतच नष्ट केलें, आणि नकाशे पुनः मागवावे लागले. अपशकुन मानणाऱ्याला एवढें पुरे होतें. परंतु जमशेटजींनीं काम टाकलें नाहीं.

'त्रिंकोमाली'नें पुढें अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत चाकरी केली, म्हातारपणीं मुलांना दर्यावर्दीपणाचें शिक्षण देण्याचें काम केलें, आणि १८९७ सालीं तें मोडींत निघालें. त्याच वर्षीं व्हीटली कॉब नांवाच्या गृहस्थाचें 'फूद्रॉयाँ' हें नेल्सनचें जुनें जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें होतें. कॉबनें मोडींतलें 'त्रिंकोमाली' विकत घेतलें, दुरुस्त केलें, आणि त्याला आपल्या बुडालेल्या जहाजाचें नांव दिलें. पहा, श्रोतेहो! नांव बदललें, आणि तेंही फुटलेल्या जहाजाचें घेतलें! खलाशांच्या शास्त्राप्रमाणें याहून मोठें पातक नाहीं. तरीसुद्धां 'फूद्रॉयाँ' या नांवानें तें जहाज ऐंशींहून अधिक वर्षें तरंगत राहिलें, हजारों मुलें त्यावर शिकून गेलीं, दोन महायुद्धें त्यानें पाहिलीं. १९९२ सालीं त्याला त्याचें मूळ नांव परत मिळालें. आज तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें आहे आणि ब्रिटनच्या तरंगणाऱ्या लढाऊ जहाजांत सर्वांत जुनें म्हणून लोक तें पाहावयास जातात. त्याला कोणी तारलें? नांवानें नव्हे. मलबारच्या सागानें आणि मुंबईच्या सुताराच्या हातानें तारलें.

आतां याच्या उलट बाजू पाहूं. वैतरणा नदी आमच्या त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावते. मृतात्म्याला ओलांडावी लागणारी जी यमलोकींची वैतरणी, तिच्याशीं या नांवाचा संबंध लोक सहज जोडतात. हेंच नांव एका आगबोटीला दिलेलें होतें. १८८५ सालीं स्कॉटलंडांत बांधलेली 'वैतरणा' मुंबई ते कच्छ-मांडवी अशी उतारूंची ने-आण करी. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोकांनीं तिला 'वीजळी' असें नवें नांव दिलें. हें नामकरण सरकारदप्तरीं झालेलें नव्हतें, बंदरावर झालेलें होतें. ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं ती मांडवीहून मुंबईस निघाली. बोटींत लग्नाचीं वऱ्हाडें होतीं, मुंबईस मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळानें तिला गांठलें आणि सातशेंहून अधिक माणसांसह ती नाहींशी झाली. कप्तान हाजी कासमच्या नांवानें त्या प्रांतांत अजून गीतें गातात.

मी जन्मभर मॅट्रिकचे वर्ग शिकविले. परीक्षेच्या आदल्या दिवशीं देवाला नारळ ठेवून आलेल्या मुलांचे चेहरे मला ठाऊक आहेत. म्हणून त्या बोटींतील मुलांचा विचार मनांत आला कीं जीव कळवळतो. परंतु त्यांना 'वैतरणा' या अशुभ नांवानें बुडविलें, असें म्हणणें म्हणजे त्यांच्यावर दुसरा अन्याय करणें होय. वादळाला तोंड देण्याचीं आणि जीव वाचविण्याचीं साधनें बोटीवर अपुरीं होतीं, हा खरा मुद्दा. नांवावर दोष ढकलला कीं तीं साधनें कोणी मागतच नाहीं.

शुभ नांवाचीही तीच गत. समर्थांच्या नांवाची 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ऐन पावसाळा, खवळलेला समुद्र, खच्चून भरलेले उतारू. बोट कलली, भ्यालेले लोक एका बाजूस धांवले, आणि ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. अनर्थाची वार्ता मुंबईस पोहोंचावयास कित्येक तास लागले. संताच्या नांवानें बोट तरत नाहीं आणि यमनदीच्या नांवानें बुडत नाहीं, हें या दोन दुर्घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे कळतें.

मग नांव बदलूं नये ही समजूत अगदींच पोकळ आहे काय? मघांचें सूत्र येथें आठवावें. जहाजाचें नांव म्हणजे त्याची पत. त्याच्या नांवावर कर्ज असतें, विमा असतो, मागील अपघातांची नोंद असते. कुजलेलें जहाज स्वस्तांत घ्यावें, रंगाचा हात द्यावा, नवें नांव घालावें आणि भोळ्या खलाशांना व उतारूंना त्यांत भरावें, हा धंदा करणारे मालक जगांत झालेले आहेत. नांव बदललेल्या जहाजाचा खलाशाला संशय आला तर त्यांत नवल नाहीं. जुनें नांव कां लपविलें, हा त्याचा प्रश्न रास्त होता. तोच प्रश्न पुढें कायद्यानें विचारला. इंग्लंडांत १८९४ च्या व्यापारी जहाजांच्या कायद्यानें परवानगीवांचून नांव बदलण्यास मनाई केली. आपल्याकडील १९५८ च्या कायद्यांतही नांवाच्या बदलावर सरकारची नजर ठेवलेली होती. शाळेंतही हाच नियम असतो. पालक येऊन म्हणाले, "मास्तर, मुलाचें नांव बदला," तर जनरल रजिस्टरांतील नांव आम्ही तोंडी सांगण्यावरून बदलीत नसूं. पुरावा मागत असूं. कारण नांव बदललें तरी मागचे गुण, मागची हजेरी आणि मागची बाकी त्याच मुलाची असते.

उजळ माथ्यानें नांव बदललें तर मात्र कांहीं बिघडत नाहीं. आपल्या आरमाराचा इतिहास याची साक्ष देतो. १९३९ सालीं प्लेट नदीच्या मुखाशीं जर्मनांशीं झुंजलेली 'अकिलीझ' ही १९४८ सालीं आपली 'दिल्ली' झाली आणि तीस वर्षें राहिली. अर्धवट राहिलेली 'हर्क्युलिस' १९६१ सालीं 'विक्रांत' झाली. 'विराट'चा जन्म तर गमतीचा आहे: १९४४ सालीं तिचा सांगाडा घातला तेव्हां तिचें नांव 'एलिफंट', म्हणजे हत्ती, पुढें ती 'हर्मिस' झाली, त्या नांवानें १९८२ सालीं फॉकलंडच्या युद्धांत लढली, आणि १९८७ सालीं 'विराट' होऊन २०१७ पर्यंत आपल्या सेवेंत राहिली. तीन नांवें, आणि आयुष्य साठ वर्षांच्या आसपास! १९७१ च्या डिसेंबरांत दीवनजीक 'खुकरी' बुडाली, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला तिच्याबरोबर गेले. तरीही आरमारानें १९८९ सालीं एका नव्या नौकेला 'खुकरी' हेंच नांव दिलें. बुडालेलें नांव अशुभ मानलें नाहीं, ऋण मानलें.

शेवटीं आपल्या कोळी बांधवांचें स्मरण करूं. नारळी पौर्णिमेला ते होड्या रंगवितात, पताका लावतात, दर्याला सोन्याचा नारळ वाहतात. होडीवर एकवीरेचें वा खंडोबाचें नांव असतें. कोणी याला भाबडेपणा म्हणेल. परंतु पावसाळ्यांत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणें, तिच्या फळ्या तपासणें, भेगा बुजविणें, जाळीं सांधणें, आणि समुद्र शांत होईपर्यंत धीर धरणें, हें सारें त्या नारळाच्या आधीं झालेलें असतें. नारळ हा शेवटचा संस्कार. त्यापूर्वींची मेहनत हा खरा धर्म. हा क्रम जो उलटा करतो, नारळ आधीं फोडतो आणि फळी तपासावयाचें विसरतो, त्याला कोणत्याही देवतेचें नांव तारणार नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, उद्यां आपण एखाद्या नावेंत पाय ठेवाल, तेव्हां तिचें नांव अवश्य वाचा. पण तेवढ्यावर थांबूं नका. किती माणसें घेतलीं, तरंगते पट्टे किती आहेत, हेंही नावाड्याला विचारा. नांवावरचें टिंब गेलें तरी चालेल. नावेच्या बुडाला टिंबाएवढेंही भोंक असतां कामा नये.