तीन आकडे आणि एक शून्य

दोन विद्युतभारांमधले बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, या नियमाला कूलोम यांचे नाव आहे. १७८५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी मांडलेला पुरावा मात्र थोडका होता. काचेच्या नळकांड्यात बारीक चांदीच्या तारेला टांगलेली आडवी काडी, तिच्या टोकाला भेंडाची गोळी आणि शेजारी तशीच दुसरी. सजातीय भार मिळताच गोळ्या ३६ अंश दूर सरल्या. तारेला पीळ देत त्या १८ आणि मग ८.५ अंशांवर आणल्या, तेव्हा एकूण पीळ ३६, १४४ आणि ५७५.५ अंश भरला. अंतर निम्मे, बल चौपट. आकडे तीनच.

माझ्या मते नियमाचा खरा पाया दुसरीकडे आहे. पोकळ भारित भांड्याच्या आत बल जाणवत नाही, यावरून प्रीस्टली यांनी १७६७ मध्येच हा नियम सुचवला होता. १७७०च्या दशकात कॅव्हेंडिश यांनी दोन अर्धगोलांत एक गोल ठेवून तो बाहेरच्या कवचाला तारेने जोडला, कवच भारित केले आणि मग आतला गोल तपासला. त्यावर भार सापडला नाही. बल नेमके व्यस्त वर्गाच्या नियमाने बदलत असेल तरच असे शून्य येते, म्हणून अंतराचा घातांक २ पासून १/५० हून अधिक ढळत नाही, असे त्यांनी ठरवले. शून्य तपासणे हे पीळ मोजण्यापेक्षा भक्कम ठरते. मग श्रेय कॅव्हेंडिश यांना का नाही? कारण हे काम त्यांनी छापलेच नाही. मॅक्सवेल यांनी ते १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्ञान चारचौघांपुढे येते तेव्हाच ते सर्वांचे होते, म्हणून कूलोम यांचे नाव रास्तच आहे. पण नियमावरचा आपला विश्वास त्या शून्याचा ऋणी आहे.