जिवापाड जपलेला पेशवा

पाऊस ओसरला तेव्हाची गोष्ट. माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, आम्ही चौघे मित्र सायकलने चांद्याला जातो. बीरशहाची समाधी बघून संध्याकाळी परत येतो." मी वर न बघताच 'नाही' म्हणालो. राजुऱ्याहून जाणारा तो रस्ता कोळशाच्या ट्रकांचा, वाटेत वर्धा नदीचा पूल. मुलगा पुढे काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणेच मला रात्रभर टोचत राहिले. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायला आली उत्तर पेशवाई!

वाचकहो, मुलाला किती जपावे, या प्रश्नाने आपला इतिहासही एकदा हळहळला आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर नेले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले. अशा वेळी नानांनी त्या अंकुराभोवती काटेरी कुंपण घातले नसते, तर तो वाचता ना. नानांना दोष देण्याआधी हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तीन वर्षांचा असताना पोराची आईही गेली.

पुढे १७८३ साली राघोबादादा वारले. धोका सरला, पहारा मात्र सरला नाही. पर्वतीच्या पायथ्याशी या पेशव्याने हौसेने जनावरे पाळली होती. पिंजरा म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल? १७९२ साली महादजी शिंदे पुण्यास आले. ते त्याला शिकारीला नेत, मोकळेपणाने बोलत. पण दोनच वर्षांत महादजी गेले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यास निजामाचा पराभव झाला; पेशवा जातीने छावणीत होता, मसलत मात्र नानांची. वडिलांचा चुलतभाऊ बाजीराव शिवनेरीवर कैदेत होता. त्याच्याशी चाललेला चोरटा पत्रव्यवहार उघडकीस आला, तेव्हा एकवीस वर्षांच्या धन्याची शाळकरी पोरासारखी कानउघाडणी झाली.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. तापाच्या भरात तोल गेला, की त्यांनी जीव दिला, हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्याहून दुसरीच गोष्ट खंत लावते. जन्मापासून पेशवा असलेल्या या तरुणाने आपल्या मनाने घेतलेला एक मोठा निर्णय शोधू गेलो, तर हाती लागत नाही. नानांनी पेशवा वाचवला. माणूस घडायचा तो राहूनच गेला.

आणि ज्या समाधीसाठी मुलगा हट्ट धरून होता, ती कोणाची? बीरशहा हा चांद्याचा गोंड राजा. त्याचाही खूनच झाला. राणी हिराईने त्याची समाधी बांधली, रामशहाला दत्तक घेतले आणि तो जाणता होईपर्यंत सुमारे पंधरा वर्षे राज्य सांभाळले. घातपाताचे भय तिला काय कमी असेल? तरी मुलगा मोठा झाल्यावर कारभार त्याच्या हाती आला, आणि १७३५ पर्यंत त्याने तो चालवला. चांद्याचे राज्य भोसल्यांकडे गेले ते त्याच्या पश्चात.

घरी येऊन मी मुलाला म्हटले, "सायकल नको, त्या ट्रकांची मला खरेच भीती वाटते. पण एस.टी.ने जा. तुम्ही चौघेच."

तो गेला. दिवसभर माझे लक्ष घड्याळाकडे. दिवेलागणीला परतला तो समाधीच्या गोष्टी सांगतच. त्या ऐकताना मला प्रथमच जाणवले, की आता काही गोष्टी त्याने मला सांगायच्या आहेत.